कौलाचं बटण

फॉस्टिन लोबोने माझ्या शेजारचा गाळा भाड्याने घेतला तेव्हा त्याच्याकडे एक कॉम्प्युटर, एक टेबल आणि गोव्याहून आणलेली वेताची खुर्ची होती. बाहेर पाटी लावली, 'वेबसाइट बनवून मिळेल'. मालवणच्या बाजारात सुके बांगडे मिळतात, गुळाचं खाजं मिळतं, जाळ्याला लावायचं शिसं मिळतं. वेबसाइट मिळते हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आत डोकावून "काय भाव?" विचारून गेली, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते धादांत खोटं होतं. पण फॉस्टिनसुद्धा ते ऐकून हसायचा, म्हणून मी सांगत राहिलो.

माझं नाव लवू. शेजारचा छापखाना माझा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती. आता छापखाना म्हणायला जीभ अडखळते, कारण झेरॉक्सचं मशीन आणि आधारकार्डाला प्लास्टिक चढवायचं यंत्र एवढंच उरलंय. मी नवीन काही शिकलो नाही म्हणून बुडालो. हे मला मान्य आहे, त्याबद्दल कुणाची सहानुभूती नको. पण फॉस्टिन तर शिकतच राहिला. तो का बुडाला, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं.

त्याचा बाप लिओन बोटीवर कुक होता. अर्धं आयुष्य समुद्रावर काढून तो घरी आला आणि पोरानेही बोटीवर जावं म्हणून कुणाकुणाच्या हातापाया पडून जागा पक्की केली. फॉस्टिन मुंबईला कॉम्प्युटर शिकून परतला आणि बापाला म्हणाला, "पाय, मी हंयच रवान काम करतलंय." लिओन म्हणाला, "हंय रवान कोणाचां बरां झालां रे?" नंतर तो बरीच वर्षं जगला, पण हा प्रश्न त्याने मागे घेतला नाही. मालवणात राहून, स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरायचं, एवढी एकच हौस फॉस्टिनला होती. बंगला नको, गाडी नको. बायको बर्नादेत शाळेत शिक्षिका होती म्हणून घर चालायचं, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं आणि त्याला ते बोचायचं.

पहिली साइट त्याने एका खानावळवाल्याची केली. उघडली की लाटा हलायच्या, होडी डुलायची, मग एक सुरमई उडी मारून थेट ताटात पडायची. लोक दुकानात येऊन ती सुरमई बघायचे. मी स्वतः गिऱ्हाईक सोडून दोन-तीनदा बघितली असेल. मग एक दिवस जगाने ठरवलं की अशी हलती चित्रं करायची पद्धत आता बाद. ज्या सॉफ्टवेअरवर ती सुरमई उडायची ते मोबाइलवर चालेना, आणि पुढे बंदच पडलं. सुरमई गेली. खानावळवाला म्हणाला, "माझो मासो खंय?" फॉस्टिनने त्याला फुकटात नवीन साइट करून दिली, बिनमाशाची.

मग पान मोबाइलवर मावलं पाहिजे, असं निघालं. त्याने सगळ्या साइट्स पुन्हा बांधल्या. मग आयते साचे आले, ते शिकला. मग पान किती चपळ उघडतं त्यावर जग गुण द्यायला लागलं, मग साचे जुने झाले आणि वेगळेच सांगाडे आले, दर वर्षी नवीन नावाचे. तो पहाटे उठायचा, कारण त्या वेळी रेंज बरी असते, आणि घरामागच्या पायरीवर कानात बोंडं घालून कुठल्या तरी परदेशी पोराचं व्याख्यान ऐकायचा. बर्नादेत म्हणायची, "ह्यो परीक्षेक बसता, पण परीक्षा संपणाच नाय." ती शिक्षिका असल्यामुळे तिला हे विनोदी वाटत नसे.

मला तो उत्साहाने सांगायला यायचा. "लवूदा, ही प्रॅक्टिस आता जुनी झाली."

"प्रॅक्टिस डाक्टर करतत रे मेल्या. तू कधी धंदो करतलंस?"

यावर तो हसायचा. माणूस मुळात हसरा, आणि रागावणं त्याला जमत नसे. माझं मत विचाराल तर तोच त्याचा दोष. ज्या माणसाला दर वर्षी कुणीतरी लांबून सांगतं की तू काल शिकलास ते फुकट गेलं, त्याने एकदा तरी खुर्ची उचलून फेकायला हवी होती.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खाजणे गाव. खाडीच्या पलीकडे आहे. तिथल्या घरांनी मिळून पर्यटकांना ठेवायला सुरुवात केली, आणि त्यात पुढे होती सावित्रीवयनी. माझ्याच वयाची बाई, नवरा गेल्यावर माडाची झावळं विकून पोरं वाढवलेली, आवाज असा की खाडीच्या या काठाला ऐकू यावा. ती आपल्या माणसांना घेऊन फॉस्टिनच्या दुकानात आली तेव्हा जागा पुरेना, निम्मे लोक माझ्याकडे बसले. सगळ्या घरांची मिळून एक साइट करायची, तारखा बघून खोली घेता यायला हवी, असं ठरलं. आणि मग वयनीने खरी अडचण सांगितली.

खाजण्याला गावपळण आहे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरं सोडून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. शिवेपलीकडे झोपड्या घालून तीन रात्री काढायच्या. गावात त्या दिवसांत माणूस नको, दिवा नको, चूल तर नकोच. चौथ्या दिवशी देव पुन्हा कौल देतो, मग परत यायचं. पळण कधी होणार हे आधीच ठरलेलं नसतं. मार्गशीर्षाच्या आसपास मानकरी देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात, उजवीकडची आधी पडली की कौल झाला.

"आमची पळण कधी येतली तां आमकां पण ठाव नसता," वयनी म्हणाली. "देव सांगता तेवा. तुझ्या क्यालेंडरात ती कशी बसतली?"

फॉस्टिन दोन मिनिटं डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "काकी, देवान कौल दिल्यान की तू फोनवर एक बटण दाब. बाकीचां मी बघतंय."

आणि त्याने तसं केलं. वयनीच्या मोबाइलवर एक पान, त्यावर बटण, 'कौल झाला'. ते दाबलं की सगळ्या घरांचं बुकिंग त्या दिवसांपुरतं बंद, ज्यांनी आधी खोली घेतलीय त्यांना निरोप, शिवेवरून मागे फिरा म्हणून. गावात रेंजची बोंब, म्हणून वयनीच्या मोबाइलमध्ये ते पान कायमचं साठवून ठेवायची सोयही त्याने केली. बटण दाबायचं, रेंज आली की काम आपोआप पुढे जाईल. आणि दाबल्यावर पडद्यावर काय यावं, तर 'होय म्हाराजा!' देवाला गाऱ्हाणं घातल्यावर सगळे जण म्हणतात तेच. ख्रिश्चनाच्या पोराने हे डोक्यातून काढलं, यावर खाजण्याचे लोक इतके खूश झाले की साइट सुरू करायच्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. फॉस्टिन सगळ्यांच्या बरोबरीने "होय म्हाराजा" म्हणाला. पुढच्या पळणीला बटण चोख चाललं. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला होता, आणि तो मी त्याला बोलून दाखवला नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही.

पुढे बरीच वर्षं कौल झाला नाही. करोना आला, गेला. आणि मग ती दुसरी साथ आली, यंत्राला सांगायचं आणि यंत्राने साइट करून द्यायची. बाहेरची एक कंपनी आली, हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-समोसा देऊन तिने सभा घेतली. एका दुपारात साइट, म्हणे. समोसा संपायच्या आत खाजंवाल्याची साइट करून पडद्यावर दाखवली. फॉस्टिन मागच्या रांगेत बसला होता, मी त्याच्या शेजारी. खाजंवाला वळून आमच्याकडे बघेना. तो गेला, मग स्कूबावाले गेले, मग खानावळवाला, ज्याच्या माशासाठी हा फुकट राबला होता तो.

शेवटी खाजणे राहिलं. वयनी स्वतः आली आणि तोंडावर बोलली, ती पाठीमागे बोलणाऱ्यातली नव्हे. "फॉस्टीन, पोरां म्हणतत, त्या कंपनीक देवया. मी म्हटलंय, फॉस्टीनाक एक संधी देवया. दिवाळीच्या आत नयां करून दाखव. आजकाल करतत तसां."

खाजणे गेलं की दुकान बंद, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गोव्यात बर्नादेतच्या भावाच्या ओळखीने एका हॉटेलात काउंटरवरची नोकरी कधीपासून तयारच होती. बर्नादेत त्या नोकरीचा विषय काढत नसे, आणि ती काढत नाही हे फॉस्टिनला जास्त लागायचं.

तो झपाटल्यासारखा कामाला लागला. तोही यंत्राला सांगायला शिकला. पुण्यात असलेली त्याची पोर ॲश्लिन असल्याच कामात आहे, ती फोनवरून सूचना द्यायची. "पप्पा, जुनं ओझं घेऊन नको बसू. वापरात नाही ते काढून टाक. आता सगळे असंच करतात." बरोबरच सांगत होती पोर. तिचा काय दोष?

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं इथे घडलं. जुन्या साइटवर गिऱ्हाइकाला विचारलेलं असायचं, घर कुठलं हवं, कौलारू की स्लॅबचं? तेव्हा पर्यटकांना कौलारू घरांचं वेड होतं. पण आता खाजण्यात कौलं राहिली कुठे? सगळ्यांनी स्लॅब घातले, एसी बसवले. तो प्रश्न निरर्थक झाला होता. फॉस्टिनने यंत्राला सांगितलं, कौल सगळीकडून काढ. प्रोग्रामात नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, आणि त्याने फार पूर्वी छपराचं नाव कौल ठेवलं होतं, आणि देवाच्या बटणाचं नावही कौलच ठेवलं होतं. मराठीत देवाचा तो कौल आणि छपराचं ते कौल, शेंबडं पोरही घोटाळा करणार नाही. इंग्रजी अक्षरांत तो आणि ते कुठलं कळायला! यंत्र आज्ञाधारक होतं. त्याने सगळीकडून काढलं.

फॉस्टिनने तपासलं नाही असं नाही. पानं उघडून पाहिली, तारखा पाहिल्या, बुकिंग करून पाहिलं. सगळं चालत होतं. नव्या पद्धतीप्रमाणे पाहुण्याला आदल्या दिवशी आपोआप निरोपही जात होता, चावी तुळशीमागे कोनाड्यात आहे, यजमानांची वाट बघायची गरज नाही. पाहुण्यांना हल्ली असं आवडतं. मग त्याने ती साइट गुण देणाऱ्या यंत्रापुढे ठेवली, आणि पळत माझ्याकडे आला.

"लवूदा, शंभर! शंभरापैकी शंभर!"

त्याने मला अख्ख्या बाजारात दिसेल अशी मिठी मारली. खाजण्याच्या लोकांनी साइट पाहिली, पोरांनीही मान डोलावली, वयनी म्हणाली, "हां, ह्या बरां आसा." कंपनीला नकार गेला. दिवाळीत फॉस्टिनने दुकानाला रंग काढला.

डिसेंबरात देवाने कौल दिला.

वयनीने मोबाइल काढला, बटण दाबलं. तिच्या मोबाइलमध्ये अजून ते जुनंच साठवलेलं पान होतं. त्यावर बटण होतं, दाबल्यावर 'होय म्हाराजा!' उमटलं, आणि पुढे ते जिथे पोचायचं ती जागाच साइटवर उरली नव्हती. हे कुणाला कळणार? गाव निश्चिंत मनाने शिवेबाहेर गेला.

नाताळ तोंडावर होता. फॉस्टिन दुकानात बसून दारावर लावायचा कागदी तारा चिकटवत होता आणि मी त्याला तो वाकडा झालाय म्हणून सांगत होतो, तेव्हा वयनीचा फोन आला. सूर्य नुकता बुडाला होता. तिचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता, पण तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"फॉस्टीन, गावात दिवो दिसता रे. माझ्या घरावर धूर आसा."

"काकी, तू बटण दाबलंस मां?"

"दाबलंय तर! होय म्हाराजा इलां मां थंय!"

फॉस्टिनने कॉम्प्युटर उघडला, काहीतरी शोधलं, पुन्हा शोधलं. मला म्हणाला, "कौल नाय." मला काही कळेना. फोनवर वयनी बोलतच होती. "आमकां शीव ओलांडूक जमाचां नाय. तू जा रे बाबा, त्यांका भायर काढ. तू काय गावचो नाय."

ती सरळ मनाने बोलली, व्यवहाराचं बोलली. गावच्या माणसाला पळणीत गावात पाय ठेवता येत नाही, परक्याला निदान तो नियम लागू नाही, एवढाच अर्थ. पण त्यातलं 'गावचो नाय' फॉस्टिनने ऐकलं तसं मीही ऐकलं, आणि मोटारसायकलवर मागे बसून जाताना त्याच्या पाठीला मी विचारलं नाही की तुला काय वाटलं.

खाजण्यात शिरताना मला भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. घरामागून घर बंद, एक कुत्रं भुंकत नाही, गोठे रिकामे. आणि मधोमध वयनीच्या अंगणात लख्ख दिवे, पुण्याच्या गाड्या, पोरांचा धिंगाणा. पाहुण्यांनी काही फोडलं-तोडलं नव्हतं. निरोपात लिहिल्याप्रमाणे चावी कोनाड्यात मिळाली, ते आत आले. यजमान दिसेनात, शेजारी दिसेनात, फोन लागेना, पोरांना भूक लागली, म्हणून त्यांनी चहा केला. आणि न्हाणीघरातली चूल बघून एका बाईला हौस आली, तिने लाकडं घालून पाणी तापवायला ठेवलं, मोबाइलवर तिचा व्हिडिओही काढला. रिकाम्या गावात पळणीच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटली ती अशी.

फॉस्टिनने हात जोडून सगळं समजावलं. त्यातला एक गृहस्थ, चांगला शिकलेला, म्हणाला, "अहो, प्रथा आहे, आम्हाला आदर आहे. पण तुमच्या साइटवर हे कुठे लिहिलंय का? दाखवा मला." आणि मोबाइल त्याने फॉस्टिनच्या नाकापुढे धरला. पान सुंदर दिसत होतं. तेवढ्याशा रेंजवरही झटकन उघडलं होतं. फॉस्टिनने ते वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "नाही. लिहिलेलं नाही." चूल त्याने स्वतः विझवली, राखेवर पाणी ओतलं.

एवढ्या माणसांना ऐन नाताळात मालवणात जागा कुठली मिळायला? त्याने सगळ्यांना आपल्या घरी नेलं. बर्नादेतने गाद्या घातल्या, नाताळासाठी केलेल्या नेवऱ्या आणि दोदोल पोरांपुढे ठेवलं, जेवायला तिखट सोरपोतेल वाढलं. पुणेकर मंडळी जाताना बर्नादेतच्या पाया पडली. पोरांनी तिला बाय-बाय म्हणत मिठ्या मारल्या. आणि पुण्याला पोचल्यावर त्यांनी नेटवर खाजण्याला एक चांदणी दिली, पाचातली एक, आणि खाली निबंध लिहिला, 'ओसाड गावात सोडून दिलं'. त्यात बर्नादेतचं नाव नव्हतं.

इकडे चौथ्या दिवशी देवाने परतीचा कौल दिला नाही. चूल पेटली होती ना. गाव झोपड्यांतच राहिला, म्हातारी माणसं थंडीने कुडकुडत. पुढचे पाहुणे आता फॉस्टिन एकेकाला फोन करून थोपवत होता, आणि त्यातले निम्मे रागाने नेटवर एकेकच चांदणी टाकत होते. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, कोंबडा कबूल केला, मग कुठे पाकळी उजवी पडली. देवाने तेवढ्यावर भागवलं. नेटवाल्यांनी नाही भागवलं.

वयनी दुकानात आली ती जानेवारीत. मी माझा गाळा उघडा टाकून तिकडे जाऊन बसलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. फॉस्टिनने तिला सगळं सांगितलं. एक शब्द, दोन कौल, काही लपवलं नाही. यंत्रावर ढकलता आलं असतं, तेही केलं नाही.

वयनीने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे छपराचां कौल काढूक गेलंस, आणि देवाचो कौल काढून ठेवलंस."

"होय काकी."

"तुझ्यार राग नाय रे. देवान मानून घेतल्यान, मी कोण? पण त्यो चांदण्यो कशो पुसूच्यो? पोरां ऐकणत नाय. कंपनीची माणसां म्हणतत, नयी साइट, नयां नाव, पयल्यासून सुरवात."

यावर फॉस्टिनने जे विचारलं ते ऐकून मला त्याचा भयंकर राग आला. स्वतःच्या पोटाचं विचारावं की नाही माणसाने! तो म्हणाला, "काकी, त्यांच्या साइटीत कौलाची सोय आसा काय? नसल्यार माका सांग. मी फुकट करून देतंय. पुन्हा असां होवूक नको."

वयनी उठली, पदर सावरला. "त्याची आता गरज नाय लागाची. मानकऱ्यांनी देवाक इचारल्यांनी. पळण आता जूनात, शिझन संपल्यार. तारीख वरीसभर आधी ठरतली. देवान उजवो कौल दिल्यान."

"देव मानलो?"

"मानलो मरे. जमानो बदललो, फॉस्टीन. देवाकय बदलूचा लागता."

ती गेल्यावर मला काय वाटलं ते सांगतो. मार्गशीर्षातली पळण जूनात, पाऊस डोक्यावर असताना म्हाताऱ्यांनी झोपड्यांत राहायचं, कारण डिसेंबरात पुणेकर येतात. आणि ह्याला सगळ्यांची मान्यता, देवाचीसुद्धा. फॉस्टिनने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती, जी कुठल्या व्याख्यानात शिकवलेली नव्हती, जी जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. ती हरवली म्हणून गावाने त्याला सोडलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण ती आता कुणाला नकोच होती.

गाळा त्याने फेब्रुवारीत रिकामा केला. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. वेताची खुर्ची मला देत होता, मी नको म्हटलं, एवढा मला राग होता. मग ती तो चर्चमध्ये देऊन आला.

तो हॉटेलात काउंटरवर उभा राहतो, आठवडाभर गोव्यात, शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी. बर्नादेत एकटी राहते, शाळा करते. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो बाजारात आला की माझ्याकडे डोकावतो. परवा आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, छातीवर नावाची पितळी पट्टी काढायची राहिलेली. मी विचारलं, "कसां काय चल्लाहा रे थंय?"

"बरां आसा लवूदा. एकच स्क्रीन. नाव, तारीख, खोली, संपलां. कोण काय नयां शिकूक सांगणा नाय."

आणि तो हसला. इतक्या वर्षांत एवढा मोकळा हसताना मी त्याला पाहिला नव्हता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.